ब्रिटनमधली मोजमापं: बिअर पिंटात, पेट्रोल लिटरमध्ये, माणूस स्टोनमध्ये. कुठे काय आणि का?

आयरकाठ

नमस्कार मंडळी,

ब्रिटनमध्ये नव्याने आलेलं आपलं कुणी भेटलं की हा विषय निघतोच. पेट्रोल लिटरने भरायचं, पण गाडीचं अ‍ॅव्हरेज गॅलनला किती मैल असं बघायचं. दुकानात पीठ किलोने, पण माणसाचं वजन स्टोनमध्ये (एक स्टोन म्हणजे १४ पाउंड, साधारण ६.३५ किलो). पबमध्ये बिअर पिंटाने (एक पिंट म्हणजे साधारण ५६८ मिलिलिटर), आणि त्याच काउंटरवर वाइन १७५ मिलिलिटर, व्हिस्की २५ मिलिलिटर. हवामान सेल्सियसमध्ये, रस्ते मैलांत. नवख्याला वाटतं, या लोकांचा नुसता गोंधळ आहे.

मी लीड्समध्ये बरीच वर्षं राहते आणि मला यात गोंधळ दिसत नाही. "म्हातारी माणसं जुन्या मापात, तरुण नव्या मापात" हे नेहमीचं उत्तरही मला पटत नाही. इथल्या शाळांत सत्तरच्या दशकापासून प्रामुख्याने मेट्रिकच शिकवतात. तरी माझ्या ऑफिसातली पंचविशीची मुलगी उंची विचारली की "फाइव्ह फोर" म्हणते आणि वजन "साडेनऊ स्टोन". उलट माझी सत्तरीची शेजारीण स्वयंपाकघरातल्या कपाटाची मापं सुताराला मिलिमीटरमध्ये देते. म्हणजे माप वयावर ठरत नाही, कामावर ठरतं.

माझं निरीक्षण असं आहे: आकडा जिथे नुसता सांगायचा-ऐकायचा असतो, तिथे जुनं माप टिकलं. आकड्याचा हिशेब जिथे करायचा असतो, तिथे मेट्रिक गाजावाजा न करता कधीच येऊन बसलं. आपल्या उंचीला कुणी कशाने गुणत नाही. औषधाच्या डोसाला, काँक्रीटच्या मिश्रणाला, अभियंत्याच्या नकाशाला गुणावंच लागतं.

खरी अडचण या दोघांच्या सीमेवर येते. पेट्रोल लिटरने विकतात आणि गाडी मैलांत धावते, म्हणून मध्ये ४.५४६ लिटरचा गॅलन घ्यावा लागतो. (अमेरिकन गॅलन वेगळा, ३.७८५ लिटरचा. इंटरनेटवरचे आकडे बघताना हे नक्की तपासा.) ५० मैल प्रति गॅलन म्हणजे आपल्याकडच्या हिशेबाने लिटरला १७.७ किलोमीटर.

आणखी एक. "हे मेट्रिक युरोपने लादलं" असं इथे अजूनही ऐकायला मिळतं. तारखा बघा. मेट्रिककडे जायचं सरकारने जाहीर केलं मे १९६५ मध्ये, तेसुद्धा इथल्या उद्योगांनीच मागणी केली म्हणून. युरोपियन समुदायात ब्रिटन गेला १९७३ मध्ये. १९६९ मध्ये मेट्रिकेशन बोर्ड नेमलं, १५ फेब्रुवारी १९७१ ला शिलिंग-पेन्स जाऊन दशमान नाणी आली, आणि १९८० मध्ये बोर्डच बंद केलं. रस्त्यांवरचे मैल तसेच राहून गेले. सुट्या मालाचं वजन मेट्रिकमध्ये करण्याची सक्ती झाली ती १ जानेवारी २००० पासून.

त्यालाही पंचवीस वर्षं झाली, तरी मंडईत काय चालतं ते बघायचं असेल तर इथल्या कर्कगेट मार्केटला या. पाटीवर पाउंडाचा भाव मोठ्या अक्षरात आणि किलोचा त्याच्याखाली बारीक, असं अजून दिसतं. त्याहून रंजक म्हणजे वाडगे. मिरच्या, लिंबं, टोमॅटो, पिकत आलेले आंबे वाडग्यांत भरून मांडलेले असतात आणि भाव वाडग्याला. वजन नाही, काटा नाही. तुम्ही बोट दाखवायचं, तो वाडगा पिशवीत उलटा करतो. मला भाजी घ्यायची ही पद्धत मनापासून आवडते, कारण वस्तू समोर दिसते आणि हिशेब डोळ्यांनीच होतो.

तुमच्या कामाच्या ठिकाणी, घरी, मुलांच्या शाळेत कोणतं माप चालतं? आणि का, हेही लिहा.

दवबिंदू

छान विषय, आयरकाठताई. मी लेस्टरमध्ये लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे. आमच्याकडे वजन फक्त किलोत. मुलांचे बरेचसे डोस किलोमागे इतके मिलिग्रॅम असे काढतात, त्यामुळे पाउंड मध्ये शिरला तर थेट दुपटीची चूक. यावर आमच्याकडे कुणाचं दुमत नाही.

पण बाळ जन्मलं की चित्र वेगळं. बाळाच्या लाल नोंदवहीत किलो लिहितो, आणि आईला लगेच पाउंड-औंसही सांगतो, कारण तिला आजीला फोन करायचा असतो. "३.४ किलो" म्हटलं की पलीकडे शांतता. "साडेसात पाउंड" म्हटलं की आनंदाने ओरडतात. दोन्ही आकडे एकाच बाळाचे, पण एक डॉक्टरांसाठी आणि एक घरच्यांसाठी. तुमचं निरीक्षण इथे अगदी बरोबर बसतं.

आपल्या मराठी घरांसाठी एक विनंती. आपल्याला ताप फॅरनहाइटमध्ये सांगायची सवय असते. १११ या इथल्या आरोग्यसेवेच्या मदत क्रमांकावर फोन करून "बाळाला एकशे एक आहे" म्हटलं की वेळ जातो. इथे ३८ अंश सेल्सियस म्हणजे ताप, आणि ते १००.४ फॅरनहाइट. १०१ म्हणजे ३८.३, १०२ म्हणजे ३८.९. भारतातून आणलेला थर्मामीटर ठेवायचा तर ठेवा, पण हे तीन आकडे फ्रिजवर लावून ठेवा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ असेल तर वाट न बघता लगेच मदत मागायची.

रेखांश

ताई, लेख आवडला पण मी असहमत आहे. तुम्ही याला व्यवस्था म्हणता, मी याला अर्धवट सोडलेलं काम म्हणतो. ऑस्ट्रेलियाने १९७४ मध्ये रस्त्यांवर किलोमीटर आणले आणि लोक पुढे गेले. ब्रिटननेही ते १९७३ ला करायचं ठरवलं होतं, मग १९७० मध्येच माघार घेतली. लोकांना मैल इतके प्रिय होते म्हणून ही माघार झाली असं मला वाटत नाही. कोणत्याच मंत्र्याला त्या पाट्यांचा खर्च आणि राग अंगावर घ्यायचा नव्हता.

त्याची किंमत सामान्य माणूस भरतो. गॅसच्या मीटरचं उदाहरण घ्या. जुने मीटर शंभर घनफुटांत मोजतात, नवे घनमीटरमध्ये. घनफुटांचा आकडा आधी २.८३ ने गुणायचा, मग त्याचे किलोवॉट-तास करायचे. आमच्या आधीच्या घरात मीटर घनमीटरचा होता आणि पुरवठादाराच्या नोंदीत तो घनफुटांचा लागला होता. म्हणजे वापरापेक्षा जवळजवळ तिप्पट बिल. मीटरच्या तबकडीवर 'एम ३' लिहिलेलं आहे की 'एफटी ३', एवढंच बघायचं असतं, पण ते बघायचं असतं हेच आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. पैसे परत मिळाले, पण त्यासाठी झालेला पत्रव्यवहार मनस्ताप देणारा होता. घर बदललं की पहिल्या दिवशी मीटरचा फोटो काढा आणि बिलावरचं एकक ताडून बघा.

आणि बाजाराचं म्हणाल, तर संडरलंडच्या स्टीव्हन थोबर्नचं प्रकरण विसरू नका. केळी पाउंडाने विकली म्हणून त्या माणसाचा काटा जप्त झाला.

आयरकाठ

रेखांश, गॅस मीटरचं उदाहरण फार उपयोगी आहे, आणि ते नेमकं सीमेवरचंच आहे.

थोबर्नबद्दल थोडी भर घालते, कारण ते प्रकरण इथे बरंच चुकीचं सांगितलं जातं. पाउंडाचा भाव लिहिणं हा गुन्हा नव्हता, आजही नाही. किलोचा भाव सोबत हवा आणि विक्रीचा काटा मेट्रिकचा हवा, एवढंच कायदा म्हणतो. त्यांचा काटा फक्त पाउंड-औंसचा होता. २००० मध्ये जप्ती, २००१ मध्ये दोषी, २००२ मध्ये अपील फेटाळलं. शिक्षा अगदी सौम्य होती, सहा महिन्यांची सशर्त सुटका. पण निकाल मोठा ठरला. काही कायदे घटनात्मक दर्जाचे असतात आणि नंतरच्या कायद्याने ते नकळत रद्द होत नाहीत, हे न्यायमूर्ती लॉज यांनी त्यात मांडलं, आणि कायद्याचे विद्यार्थी आजही ते वाचतात. थोबर्न २००४ मध्ये गेले, चाळिशीही गाठली नव्हती. त्यांच्या बाजूने असा किंवा विरोधात, एका फळविक्रेत्याला एवढं सोसावं लागलं याचं मला वाईट वाटतं.

लोकांना जुनं माप परत हवंय का, हा प्रश्न मात्र निकालात निघाला आहे. २०२२ मध्ये सरकारने लोकांचं मत मागवलं. प्रश्नावलीत "फक्त मेट्रिक" असा सरळ पर्यायही नव्हता, त्यावरून टीका झाली. तरी एक लाखाहून जास्त उत्तरं आली आणि ९८.७ टक्के लोकांनी मेट्रिकच्या बाजूने कौल दिला, आहे तसं किंवा त्याहून पुढे. डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने बदल करणार नाही म्हणून जाहीर केलं. हातात आलं ते एवढंच, की वाइन पिंटाच्या मापात विकायला परवानगी.

ओळंबा

मी बर्मिंगहॅममध्ये जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामं बघतो. सीमेवरची अडचण आमच्याकडे खिळ्यात आणि लाकडात दिसते.

व्हिक्टोरियन घरांत छताच्या तुळया बऱ्याचदा १६ इंचांवर, म्हणजे ४०६ मिलिमीटरवर असतात. सहा गाळे धरले तर २४३८ मिलिमीटर, बरोब्बर आठ फूट. आज दुकानात प्लास्टरबोर्ड मिळतो २४०० मिलिमीटरचा. कामगार त्याला अजूनही 'एट बाय फोर' म्हणतात, पण तो आठ फुटाला ३८ मिलिमीटर कमी असतो. पहिल्या तुळईच्या मध्यावर बोर्ड सुरू केला की दुसरं टोक तुळईवर पोचतच नाही. मग एकतर प्रत्येक बोर्ड कापायचा, नाहीतर तुळईच्या बाजूला जादा लाकडी पट्टी मारायची. नव्या घरांत तुळयाच ४०० किंवा ६०० वर असतात, तिथे प्रश्न येत नाही. गंमत म्हणजे प्लायवूड अजून २४४० बाय १२२० चं मिळतं, ते जुन्या घरात चपखल बसतं.

विटांचंही तसंच. नवी वीट ६५ मिलिमीटर उंचीची. जुन्या भिंतीला जोड द्यायचा तर थर जुळत नाहीत, म्हणून ७३ मिलिमीटरची 'इम्पीरियल' वीट वेगळी मागवावी लागते, आणि ती महाग पडते. जुनं घर घेऊन वाढीव बांधकाम करणार असाल तर कंत्राटदाराच्या दरपत्रकात विटेची उंची लिहून घ्या.

त्यामुळे जुनं माप जिभेवरच टिकलं आहे असं मी म्हणणार नाही. ते भिंतीतसुद्धा आहे, आणि भिंती शंभर-दीडशे वर्षं टिकतात.

चाफेकळी

मला 'हिशेब आला की मेट्रिक' हे पूर्ण मान्य नाही. केक बघा. व्हिक्टोरिया स्पंज माझ्या शेजारणीने शिकवला तो असा: दोन अंडी, चार औंस लोणी, चार औंस साखर, चार औंस मैदा. मोठा हवा तर तीन अंडी आणि सगळं सहा-सहा. अंडं साधारण दोन औंसांचं भरतं, त्यामुळे दर अंड्याला दोन औंस हा हिशेब डोक्यात राहतो, पुस्तक उघडावं लागत नाही. ग्रॅममध्ये हेच ११३ होतं. मग कुणी ११० लिहितं, कुणी ११५, आणि ओळीचा सोपेपणा जातो.

गोल्डन सिरपचा डबा उचलून बघा, ४५४ ग्रॅम लिहिलेलं असतं. म्हणजे एक पाउंड. दुधाच्या मोठ्या कॅनवर २.२७२ लिटर, म्हणजे चार पिंट. वेष्टनावर मेट्रिक, आतलं माप जुनं.

आयरकाठ

चाफेकळी, पटलं. मग माझं म्हणणं असं सुधारते: हिशेब ज्या मापात सोपा, ते माप टिकतं. केकसाठी औंस सोपा, डोससाठी मिलिग्रॅम.

लोहमार्ग

रुमाल टाकून ठेवला होता, आता सविस्तर लिहितो. मी रेल्वेच्या रूळदेखभालीत आहे. आमच्याकडे अंतर मैल आणि 'चेन'मध्ये. एक चेन २२ यार्डांची, ८० चेनचा मैल. पुलाच्या भिंतीवर छोटी पाटी असते, त्यावर मार्गाचं नाव, पुलाचा क्रमांक आणि मैल-चेन. बिघाड कळवताना हाच पत्ता. नवीन अभियंते विद्यापीठातून मीटर शिकून येतात आणि पहिल्याच आठवड्यात चेन शिकतात, कारण प्रत्येक पूल, मोरी, सिग्नलच्या नोंदी त्यात आहेत. लंडन अंडरग्राउंड मात्र किलोमीटरमध्ये मोजते. चॅनल टनेलकडे जाणारा हायस्पीड मार्गही किलोमीटरचाच, कारण तीच गाडी पुढे फ्रान्समध्ये जाते.

क्रिकेटवाल्यांसाठी: खेळपट्टी २२ यार्डांची, म्हणजे बरोबर एक चेन. आणि एक चेन रुंद, दहा चेन लांब जमीन म्हणजे एक एकर. एडमंड गंटर या गणितज्ञाने १६२० च्या सुमारास ही साखळी ठरवली, १०० कड्यांची. शंभर कड्या घेतल्यामुळे जमिनीचा हिशेब दशमानात करता येतो. दशमान हिशेबाची सोय मेट्रिकच्या दीडशेहून अधिक वर्षं आधी या बेटावर होती.

सातबारा

लोहमार्गदादा, तुमची साखळी आमच्याकडेही आहे! आमच्या गावाकडच्या मोजणीची शंकुसाखळी ३३ फुटांची, म्हणजे गंटरच्या बरोबर निम्मी. ३३ बाय ३३ फूट म्हणजे १०८९ चौरस फूट, हाच आपला एक गुंठा. ४० गुंठ्यांचा एकर. उताऱ्यावर हेक्टर-आर लिहून किती वर्षं झाली, पण बांधावर व्यवहार गुंठ्यानेच ठरतो. वाळू-खडी ब्रासने, म्हणजे शंभर घनफुटांनी. भारताचा कायदा १९५६ चा, बाजारात शेर-मण जाऊन किलो आला तो टप्प्याटप्प्याने १९५८ ते १९६२ मध्ये. किलोमीटरचे दगड आपण बसवले, हे रेखांश यांच्या बाजूने. उंची मात्र आपणही फुटांतच सांगतो, हे आयरकाठताईंच्या बाजूने.

डोनेगलचा_वारा

मी आयर्लंडमध्ये लेटरकेनीला राहतो, कामाला सीमेपलीकडे डेरीला. आयर्लंडने २० जानेवारी २००५ ला वेगमर्यादा मैलांवरून किलोमीटरवर नेल्या, एका दिवसात. नॉर्दर्न आयर्लंड ब्रिटनचा, तिथे मैल. त्यामुळे रोज सकाळी एकाच रस्त्यावर ताशी १०० किलोमीटरची हद्द संपते आणि ६० मैलांची सुरू होते. चौकी नाही, फाटक नाही, फक्त पाटी. प्रत्यक्षात वेग जवळजवळ तोच, पण गाडीच्या तबकडीवर वेगळा आकडा वाचायचा. माझ्या ओळखीत कुणालाही आता याचा त्रास होत नाही. मैल गेले म्हणून आयरिश माणूस कमी आयरिश झाला नाही, आणि पबमध्ये पिंट दोन्हीकडे आहे. ब्रिटनलाही हे सहज जमेल असं मला मनापासून वाटतं.

रेखांश

@डोनेगलचा_वारा, अगदी हेच म्हणायचं होतं. पिंट ठेवा, स्टोन ठेवा, बाळाचं वजन पाउंडात सांगा, माझी काही हरकत नाही. रस्ता ही सार्वजनिक जागा आहे. तिथे युरोपभरचे ट्रकचालक येतात आणि त्यांच्यासाठी फूट-इंच हा फक्त एक अनोळखी आकडा असतो. पुलांना धडका बसतात त्या काय उगीच?

लोहमार्ग

पुलांच्या धडका हा आमच्या खात्याचा रोजचा विषय आहे. रेल्वेच्या पुलांना वर्षाला हजाराहून जास्त धडका बसतात. प्रत्येक वेळी गाड्या थांबवून पूल तपासावा लागतो. रेखांश यांचा मुद्दा पाट्यांपुरता खरा आहे आणि तो मान्यही झाला आहे: २०१५ पासून उंचीच्या नव्या पाट्या फूट-इंच आणि मीटर अशा दोन्ही मापांत लावाव्या लागतात. पण धडकणाऱ्यांत इथलेच चालक भरपूर असतात. त्यांना पाटी वाचता येते, स्वतःच्या गाडीची उंची माहीत नसते.

नवखा_मँचेस्टर

धागा वाचतोय, खूप माहिती मिळाली. पुढच्या आठवड्यात सामान हलवायला मोठी व्हॅन भाड्याने घेणार आहे, आयुष्यात पहिल्यांदा. यातलं काय लक्षात ठेवू?

लोहमार्ग

@नवखा_मँचेस्टर, गाडी तीन मीटरपेक्षा उंच असेल तर चालकाच्या समोर उंचीची सूचना लावलेली असलीच पाहिजे, फूट-इंचांत. घेताना ती बघा, नसेल तर गाडी ताब्यात घेऊ नका. घराच्या सामानाच्या उंच व्हॅन साधारण साडेदहा-अकरा फुटांच्या असतात. तो आकडा कागदावर लिहून स्टिअरिंगजवळ चिकटवा, फूट-इंच आणि मीटर दोन्ही. १६ फूट ६ इंचांपेक्षा कमी उंचीच्या पुलांवर पाटी असते. कमानीच्या पुलाखाली रस्त्याच्या मधोमध चालवा, उंची तिथेच जास्त असते. फोनवरचा नेहमीचा नकाशा पुलाची उंची बघत नाही, त्यामुळे निघण्याआधी मार्ग एकदा नजरेखालून घाला. आणि सुपरमार्केटच्या बहुमजली पार्किंगमध्ये ही व्हॅन अजिबात नेऊ नका. तिथली आडवी दांडी बहुतेक दोन मीटरच्या आसपास असते.